खून, लिमरिक आणि इंग्रजीचा प्राध्यापक

रिचर्ड कॅडोगन नावाचा एक इंग्रज कवी लंडनमधल्या एकसुरी आयुष्याला विटतो, प्रकाशकाच्या मागे लागून थोडे आगाऊ पैसे मिळवतो आणि ऑक्सफर्डची वाट धरतो. आगगाडी त्याला डिडकॉटपर्यंतच आणून सोडते. पुढचा बराचसा प्रवास तो एका मालट्रकमधून करतो आणि मध्यरात्र उलटल्यावर इफली रोडवरून पायी चालू लागतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका दुकानापुढचे कापडी छत मात्र रात्र झाली तरी मिटलेले नाही आणि दाराला कुलूपही नाही. दुकान खेळण्यांचे आहे. कॅडोगन कुतूहलापोटी आत शिरतो, जिना चढून वर जातो आणि वरच्या खोलीत त्याला गळा आवळून मारलेली एक वयस्क स्त्री दिसते. तेवढ्यात मागून त्याच्या डोक्यात फटका बसतो. शुद्धीवर आल्यावर तो कसाबसा बाहेर पडून पोलीस ठाणे गाठतो, पण पोलिसांना घेऊन परत येतो तेव्हा त्या जागी खेळण्यांचे दुकान नाहीच. तिथे किराणामालाचे दुकान आहे, फळ्यांवर डबे आणि पुडे नीट मांडून ठेवलेले आहेत, आणि प्रेताचा तर मागमूसही नाही. डोक्याला मार लागल्यामुळे या गृहस्थाला भास झाला असावा, असे पोलीस अतिशय सौजन्याने ठरवून टाकतात.

असा पेच पडल्यावर माणूस कोणाकडे जाईल? कॅडोगन आपल्या जुन्या मित्राकडे जातो, आणि तो मित्र ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी भाषा आणि साहित्याचा प्राध्यापक आहे. त्याचे नाव जर्वेस फेन. 'द मूव्हिंग टॉयशॉप' ही कादंबरी 1946 साली प्रसिद्ध झाली. तिचा लेखक एडमंड क्रिस्पिन याने 1944 ते 1977 या काळात फेनच्या नऊ कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय फेनच्या कथांचा एक संग्रह 1953 साली आणि दुसरा लेखकाच्या मृत्यूनंतर 1979 साली निघाला. विनोदी रहस्यकथा हा प्रकार इंग्रजीत अनेकांनी हाताळला आहे. तरीही या मालिकेइतके मला कोणी बांधून ठेवलेले नाही, आणि ते का, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येऊन पोहोचते. क्रिस्पिनच्या पुस्तकांत विनोद आणि रहस्य दोन्ही एकाच झऱ्यातून येतात, आणि तो झरा म्हणजे कवितेवरचे, नाटकावरचे, एकूणच वाङ्मयावरचे निखळ प्रेम.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. त्यामुळे साहित्याचा प्राध्यापक गुप्तहेर होतो, या कल्पनेकडे मी ओढली गेले यात नवल नाही. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचल्या होत्या, आणि काळापहाड, झुंजार ही नावे मी पुस्तके हाती पडण्याच्या आधीपासून ऐकत होते. त्या कथांमधला थरार खरा होता आणि वेग विलक्षण होता. हसायचे असेल तेव्हा मात्र घरात चिं. वि. जोशींचा चिमणराव काढला जाई. खुनाची गोष्ट आणि हसण्याची गोष्ट अशा दोन वेगळ्या कप्प्यांत आमचे वाचन चालत असे. हे दोन कप्पे एकत्र येऊ शकतात, आणि आले तर दोन्हींची गोडी वाढते, हे मला फेनने दाखवले.

फेन दिसतो कसा, हे क्रिस्पिनने जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सांगितले आहे. उंच, किडकिडीत, चाळिशीच्या आसपासचा, गुळगुळीत दाढी केलेला लालसर हसरा चेहरा, आणि पाणी लावून चापूनचोपून बसवायचा प्रयत्न केला तरी टाळूवर काट्यांसारखे ताठ उभे राहणारे काळे केस. डोक्यावर एक अजब टोपी. त्याच्याकडे लाल रंगाची एक छोटी, खडखडाट करणारी मोटारगाडी आहे आणि तिच्यावर 'लिली क्रिस्टीन तिसरी' असे नाव रंगवलेले आहे. 'टॉयशॉप'मध्ये फेनचे पहिले दर्शन होते ते या गाडीसह. कॉलेजच्या आवारात ती बेफाम घुसते, झाडाझुडपांची पर्वा न करता कशीबशी थांबते, फेन खाली उतरून चार पावले चालतो, आणि इंजीन बंद केल्यावर काही क्षणांनी गाडीतून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. फेनचे कॉलेज म्हणजे सेंट ख्रिस्तोफर्स. ते ऑक्सफर्डमध्ये कोठेही नाही, पण क्रिस्पिनने ते खऱ्या सेंट जॉन्स कॉलेजच्या शेजारी वसवले आहे, आणि तो स्वतः सेंट जॉन्सचा विद्यार्थी होता. कादंबरीच्या आरंभीच्या टिपणात तो सांगतो की अशक्य वाटणाऱ्या घटना आणि माणसे जन्माला घालण्यात इंग्लंडमधले कोणतेही गाव ऑक्सफर्डची बरोबरी करू शकणार नाही, तरीही त्याला काही मर्यादा आहेतच.

या मालिकेतली मला सर्वांत आवडणारी योजना अगदी पहिल्या कादंबरीत, म्हणजे 1944 सालच्या 'द केस ऑफ द गिल्डेड फ्लाय'मध्येच सापडते. ऑक्सफर्डचा चीफ कॉन्स्टेबल सर रिचर्ड फ्रीमन हा फेनचा स्नेही. पोलीस दलाचा हा प्रमुख मनाने समीक्षक आहे. त्याने इंग्रजी कवींवर पुस्तके लिहिली आहेत, त्यांची वाखाणणी झाली आहे, आणि संधी मिळताच तो शेक्सपिअरवर बोलू लागतो. साहित्याचा प्राध्यापक असलेल्या फेनला मात्र खुनाच्या तपासाखेरीज दुसरे काही सुचत नाही. दोघांनाही दुसऱ्याचे काम अधिक गोड वाटते, आणि दोघेही त्यात चांगलेच निष्णात आहेत. 'टॉयशॉप'मध्ये फेन ऐन धामधुमीत फ्रीमनला फोन करतो, आणि शहरात प्रेत गायब झालेले असताना फ्रीमनला मात्र 'मेझर फॉर मेझर' या नाटकाविषयी फेनचे मत हवे असते. हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा हसले, आणि तितक्याच वेळा मनापासून हेलावलेही. ज्या गावात पोलीसप्रमुखाला नाटकातल्या नैतिक पेचाची इतकी निकड वाटते, त्या गावात राहायला कोणाला आवडणार नाही?

आणि फ्रीमन एकटा नाही. कॅडोगनला ऑक्सफर्डकडे घेऊन येणारा ट्रकचालक डी. एच. लॉरेन्स वाचतो, आधुनिक माणसाचे निसर्गाशी नाते तुटले आहे हे तळमळीने सांगतो, आणि पुढे कथेत पुन्हा भेटतो तेव्हाही त्याच्या डोक्यात पुस्तकेच घोळत असतात. फेन आणि कॅडोगन दारूच्या गुत्त्यात बसून वाट पाहत असतात तेव्हा ते 'वाङ्मयातली असह्य माणसे' नावाचा खेळ खेळतात. लेखकाला जी पात्रे वाचकाने आवडून घ्यावीत असे वाटत होते, पण जी प्रत्यक्षात डोक्यात जातात, ती भराभर सांगायची. शेक्सपिअरची बडबडी बिअट्रिस आणि तिचा बेनेडिक यांनाही तिथे क्षमा नाही. मारेकऱ्यांच्या तावडीत सापडून कोंडले गेल्यावर हीच माणसे 'वाचणे अशक्य अशी पुस्तके' हा दुसरा खेळ काढतात. संकटात विनोद करणारे नायक पुष्कळ असतात. क्रिस्पिनचे नायक संकटात पुस्तकांवर वाद घालतात, कारण एरवीही ते तेच करत असतात, आणि जीव धोक्यात आला म्हणून ते आपला स्वभाव सोडत नाहीत.

खेळ आणि खून यांचे नाते 'टॉयशॉप'च्या गाभ्यातच आहे. तिथे विनोद हाच पुरावा ठरतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. मारेकरी कोण, हे अर्थातच सांगत नाही.

एक श्रीमंत, विक्षिप्त वृद्धा मरण पावते. तिने आपली संपत्ती एका भाचीला ठेवली आहे, पण ही भाची सदैव परदेशांत हिंडत असते. मृत्युपत्रातली अट अशी की भाचीने सहा महिन्यांच्या आत पुढे येऊन हक्क सांगितला पाहिजे. ती आली नाही, तर पैसा दुसऱ्या काही माणसांमध्ये वाटायचा. ही माणसे कोण, हे वृद्धेने गुप्त ठेवले आहे आणि त्यांना टोपणनावे दिली आहेत. ती नावे इंग्रज कवी एडवर्ड लिअरच्या लिमरिकांमधली, म्हणजे पाच ओळींच्या गमतीदार कवितांमधली आहेत, कारण म्हातारीला लिअर फार प्रिय होता. मग एके दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात एका वकिलाच्या नावाने जाहिरात येते, आणि तिच्यात फक्त पाच शब्द असतात: राइड, लीड्स, वेस्ट, मोल्ड, बर्लिन.

ज्याने लिअर वाचलेला नाही, त्याला ही गावांची आणि दिशेची विचित्र यादी वाटेल. ज्याला लिअर पाठ आहे, त्याच्यासमोर पाच माणसे उभी राहतात. लिअरच्या लिमरिकातली राइडची तरुणी छोटे ठिपकेदार कुत्रे विकत घेते. मोल्डचा गृहस्थ थंडीला इतका भितो की फर आणि लोकरीत स्वतःला गुंडाळून घेतो. बर्लिनचा माणूस विलक्षण हडकुळा आहे. वेस्टचा म्हातारा फिकट जांभळी बंडी घालतो. आता कादंबरीतल्या पात्रांकडे पाहावे. एका मुलीसोबत ठिपकेदार कुत्रा आहे. एक गृहस्थ गळपट्टे आणि हातमोजे घालून कायम गुरफटलेला असतो. एक डॉक्टर हाडांचा सापळा आहे. म्हातारीने आपल्या ओळखीच्या माणसांना त्यांच्या लकबीवरून मायेने नावे ठेवली होती. त्या मायेच्या थट्टेआड पुढे पैशासाठी खून रचला गेला, आणि तीच थट्टा शेवटी मारेकऱ्यापर्यंत नेणारी वाट ठरली. त्या म्हातारीच्या चेष्टेचा अर्थ तिच्यासारख्याच एका वाचकाला लागतो. ज्यांना पैसा हवा होता त्यांच्या लेखी लिमरिके म्हणजे निव्वळ सांकेतिक शब्द होते. फेनच्या लेखी ती कविता होती, आणि म्हणून तिच्यातले ठिपकेदार कुत्रे त्याला दिसले.

माझ्या वर्गातली मुले कधी थेट, कधी आडवळणाने विचारतात की कविता वाचून काय मिळते. त्यांना मी ही गोष्ट सांगते. कवितेमुळे खुनी सापडतात असे मला म्हणायचे नाही. पण शब्दांकडे इतके बारकाईने पाहण्याची सवय लागली की माणसांकडेही तसे पाहता येते, यावर माझा विश्वास आहे, आणि फेनची गोष्ट ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर ते उमटलेले मला दिसते. मुलांना यातली एक गोष्ट झटकन पटते, कारण ती त्यांच्या भाषेतही घडलेली आहे. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या 'झेंडूची फुले' या संग्रहातली अत्र्यांची विडंबने आजही हसवतात, पण ज्यांचे विडंबन केले आहे त्या कवींच्या कविता ज्याला ठाऊक आहेत त्यालाच त्यांतली खरी खोच कळते. क्रिस्पिन हाच न्याय रहस्यकथेला लावतो आणि वाचकाला पूर्णपणे विश्वासात घेतो.

या विश्वासाचा आणखी एक पुरावा म्हणजे पुस्तकातल्या माणसांना आपण पुस्तकात आहोत याची मधूनच होणारी जाणीव. पाठलाग चालू असताना रस्त्याला फाटा फुटतो. कोणीकडे वळायचे? कॅडोगन सुचवतो की डावीकडे वळू या, कारण शेवटी हे पुस्तक गोलान्झ प्रसिद्ध करतो आहे. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ डाव्या विचारांसाठी प्रसिद्ध होता आणि 1936 साली त्याने 'लेफ्ट बुक क्लब' स्थापन केला होता, हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नसे. दुसऱ्या एका प्रसंगी कॅडोगन शुद्धीवर येतो तेव्हा फेन स्वतःशी काहीतरी पुटपुटत असतो. चौकशी केल्यावर कळते की तो क्रिस्पिनसाठी पुस्तकांची नावे जुळवत होता. एरवी असे प्रकार वाचताना माझा रसभंग होतो. इथे तसे होत नाही, कारण या माणसांचे सारे जगणेच पुस्तकांनी भरलेले आहे, आणि मग आपणही एका पुस्तकात आहोत हे त्यांना कळावे यात खटकण्यासारखे काही उरत नाही.

क्रिस्पिनच्या विनोदाला दुसरा मोठा आधार आहे तो संगीताचा. एडमंड क्रिस्पिन हे टोपणनाव होते. त्याचे खरे नाव रॉबर्ट ब्रूस माँटगोमेरी, जन्म 1921 सालचा, बकिंगहॅमशरमधल्या चेशम बोइसचा. सेंट जॉन्समध्ये तो आधुनिक भाषा शिकला आणि तिथेच चर्चमधला ऑर्गन वाजवणे आणि गायकवृंद सांभाळणे ही कामेही त्याने केली. जॉन डिक्सन कार या बंद खोलीतल्या खुनांच्या जादूगाराची एक कादंबरी वाचून तो झपाटला आणि विद्यार्थिदशेतच फेनची पहिली कादंबरी लिहून मोकळा झाला. त्याचे टोपणनावही मायकल इनिस या दुसऱ्या रहस्यकथाकाराच्या कादंबरीतल्या एका पात्रावरून उचललेले आहे, म्हणजे लेखकाच्या नावापासूनच हा वाचनाचा खेळ सुरू होतो. कवी फिलिप लार्किन आणि कादंबरीकार किंग्जली एमिस हे त्याचे ऑक्सफर्डमधले मित्र. 'टॉयशॉप' लार्किनला अर्पण केलेली आहे, आणि लार्किनने आपली 'अ गर्ल इन विंटर' ही कादंबरी माँटगोमेरीला अर्पण केली. कॅडोगनसारख्या कवीचे चित्र इतके जिव्हाळ्याने कसे रंगवले गेले असेल, हे या दोन अर्पणपत्रिका शेजारी ठेवल्या की समजते.

त्यानंतरच्या आयुष्यात माँटगोमेरी मुख्यतः संगीतकार म्हणून जगला. 1951 साली त्याची 'ऑक्सफर्ड रेक्विएम' ही गंभीर गायनरचना सादर झाली, आणि पुढे ब्रिटिश विनोदी चित्रपटांना त्याचे संगीत मिळू लागले. 1958 साली सुरू झालेल्या 'कॅरी ऑन' चित्रपटमालेचे आरंभीचे संगीत त्याचेच आहे. एकाच माणसाने मृतांसाठी प्रार्थना रचावी आणि धमाल चित्रपटांसाठी सुरावटही बांधावी, हे ऐकून ज्याला आश्चर्य वाटेल त्याने 'टॉयशॉप'मधले गायनाच्या तालमीचे प्रकरण वाचावे. पळून जाणाऱ्या एका मुलीला गाठण्यासाठी फेन आणि कॅडोगन शेल्डोनियन सभागृहात शिरतात, तर तिथे ब्राम्सच्या रचनेचा सराव चालला आहे. बाहेर पडायला वाव नाही, मुलगी समोरच्या रांगेत गाते आहे, मग हे दोघेही गायकवृंदात घुसतात आणि गाऊ लागतात. फेनच्या आवाजाने शेजारचे गायक हैराण होतात आणि संचालकाचा संताप अनावर होतो. सूर कुठे चुकला, कोणाचा कटाक्ष कोणावर पडला, गाणे न थांबवता रांगेतून पुढे कसे सरकायचे, हे सारे ज्याने वर्षानुवर्षे गायकवृंदात उभे राहून पाहिले आहे, तोच असे लिहू शकतो.

1947 सालच्या 'स्वान साँग'मध्ये हे संगीताचे ज्ञान पूर्णपणे कामाला लागले आहे. युद्ध संपल्यानंतर ऑक्सफर्डमध्ये वागनरच्या 'डी माइस्टरझिंगर' या संगीतिकेची तयारी चालू आहे, आणि सर्वांना नकोसा झालेला एक गायक आपल्या बंद खोलीत फासाला लटकलेला सापडतो. बहुतेक गायकांइतके मंदबुद्धी प्राणी जगात थोडे, अशा अर्थाच्या विधानाने ही कादंबरी सुरू होते. गाणाऱ्यांच्या गळ्यावर जीव जडलेला माणूसच असे लिहू शकतो, आणि पुढची पाने त्याची साक्ष देतात.

सगळ्या कादंबऱ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. 'गिल्डेड फ्लाय'मध्ये 1940 सालच्या ऑक्टोबरमधले, युद्धातल्या ब्लॅकआऊटच्या काळोखातले ऑक्सफर्ड सुंदर उतरले आहे, पण खुनाची क्लृप्ती अवघड आणि ओढूनताणून आणलेली वाटते. 'होली डिसॉर्डर्स' अर्धी हेरकथा, अर्धी भुताखेतांची कथा होऊन बसते. 'टॉयशॉप'मध्येही योगायोगांची रेलचेल आहे, आणि रहस्याची उकल पाठलागाइतकी समाधान देत नाही. आरंभीच्या पुस्तकांतल्या तरुण स्त्रिया बहुधा सुंदर आणि उपयोगी एवढ्याच असतात. त्यांना स्वतःचे मन फारसे नसते, आणि हे मला खरोखर खुपते. म्हणून 1951 सालची 'द लाँग डिव्होर्स' मला मोलाची वाटते. निनावी पत्रांनी विषारी झालेल्या एका खेड्यात राहणारी स्त्री डॉक्टर तिथे कथेच्या मध्यभागी आहे. तिचा एकटेपणा, रोग्यांचा हळूहळू उडत जाणारा विश्वास, गावाचे मौन, हे सारे क्रिस्पिनने शांतपणे आणि नेमकेपणाने टिपले आहे. फेन या गावात टोपणनावाने वावरतो, आणि ते नावही डिकन्सच्या अपूर्ण राहिलेल्या कादंबरीतून घेतलेले आहे. त्याच गावात एक मांजर आहे, आणि तिला मंगळावरचे प्राणी दिसतात अशी तिच्या मालकाची खात्री आहे. गांभीर्य वाढले तरी क्रिस्पिनने मांजर सोडले नाही, याचा मला आनंद वाटतो.

1948 साली आलेल्या दोन कादंबऱ्या मात्र निर्भेळ आनंदाच्या आहेत. 'लव्ह लाइज ब्लीडिंग' एका मुलांच्या शाळेत घडते. फेनला तिथे बक्षीस समारंभासाठी पाहुणा म्हणून बोलावलेले असते, आणि रहस्याच्या मुळाशी शेक्सपिअरचे हरवलेले एक नाटक आहे. याच शाळेच्या आवारात मिस्टर मेरीथॉट नावाचा एक म्हातारा ब्लडहाउंड कुत्रा फिरतो. त्याला मधूनमधून खुनशीपणाचे झटके येतात, आणि तेवढ्यापुरता तो सगळ्यांच्या अंगावर धावून जातो. 'बरीड फॉर प्लेझर'मध्ये फेन चक्क संसदेची निवडणूक लढवतो. खेडे सुंदर आहे, राहण्याच्या खाणावळीत पहाटेपासून हातोड्यांचा ठोकाठोकीचा आवाज चालू आहे, पाळलेले एक डुक्कर कितीही खाल्ले तरी वाढत नाही आणि विकले तरी घरी परत येते. हळूहळू फेनचा राजकारणातला रस आटतो आणि शेवटच्या सभेत तो मतदारांना खडे बोल सुनावतो. राजकारणाविषयी सामान्य माणसाला वाटणारी उदासीनता हे त्याच्या शहाणपणाचेच लक्षण आहे, असे तो ठासून सांगतो, आणि सभा खूश होते. ते भाषण निवडणुकीच्या दिवसांत मोठ्याने वाचून दाखवावे असे आहे.

हसू थांबते त्या जागाही दाखवायला हव्यात, नाहीतर या पुस्तकांवर अन्याय होईल. 1950 सालच्या 'फ्रीक्वेंट हर्सेस'ची सुरुवात एका तरुण नटीच्या आत्महत्येने होते. रात्री वॉटर्लू पुलावरून ती नदीत उडी घेते. चित्रपट कंपनीत सारे तिला ओळखत होते, पण ती मुळात कोण, कुठून आली, तिचे खरे नाव काय, हे कोणालाच सांगता येत नाही. कंपनी इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या जीवनावर चित्रपट काढते आहे आणि फेन तिथे साहित्यिक सल्लागार म्हणून आलेला आहे. कादंबरीचे नावही पोपच्या एका शोककाव्यातून घेतलेले आहे, आणि ते काव्य एका अभागी स्त्रीच्या मृत्यूवर आहे. इथे कवितेचा उपयोग चेष्टेसाठी होत नाही. ज्या मुलीच्या मरणाकडे सगळ्यांनी कामातला अडथळा म्हणून पाहिले, तिच्यासाठी कोणीतरी थांबून शोक करावा, एवढे काम त्या ओळीकडे सोपवले आहे. मूव्हिंग टॉयशॉप हे शब्दसुद्धा पोपचेच. मनाच्या फिरत्या दुकानात चंचल हौसेमौजेची खेळणी इकडून तिकडे हलत राहतात, असे त्याने लिहिले आहे, आणि फेनची कथा पोपच्या त्या ओळींपाशीच येऊन संपते. वरवर थिल्लर वाटलेल्या कथेत पैशाच्या हावेने काय काय हलवले गेले, याचा हिशेब त्या दोन ओळींत लागतो.

त्या कथेतला अखेरचा पाठलाग जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रापाशी संपतो. ते चक्र बेफाम वेगाने फिरू लागते आणि त्याला थांबवण्यासाठी एकाला जिवावर उदार होऊन आत शिरावे लागते. हिचकॉकचा 1951 सालचा 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग लगेच ओळखू येईल. ज्या कादंबरीवरून तो चित्रपट केला, तिच्यात असा शेवट नाही. तो क्रिस्पिनकडून आला, आणि पडद्यावर क्रिस्पिनचे नाव कुठेही नाही. मला याचा अजूनही राग येतो.

1951 नंतर फेनची नवी कादंबरी येण्यासाठी सव्वीस वर्षे जावी लागली. चित्रपटांच्या संगीताचे काम, दारूचे व्यसन आणि ढासळत गेलेली प्रकृती यांत मधला काळ गेला. तरीही क्रिस्पिन वाचनापासून तुटला नाही. 1967 पासून तो 'संडे टाइम्स'मध्ये रहस्यकथांची परीक्षणे लिहीत असे, आणि त्याआधी विज्ञानकथांचे त्याने संपादित केलेले संग्रह प्रसिद्ध झाले होते. अखेर 1977 साली 'द ग्लिम्प्सेस ऑफ द मून' आली. तोवर इंग्लंड बदलले होते, डेव्हनमधल्या त्या खेड्यात विजेचे खांब गुणगुणत होते, पण फेन जवळपास तसाच होता. तो महाविद्यालयातून रजा घेऊन समकालीन इंग्रजी कादंबरीकारांवर एक पुस्तक लिहायला बसलेला आहे, आणि त्या कामाला त्याचे मन लागत नाही. पुढच्याच वर्षी, 1978 साली, माँटगोमेरी वारला. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता.

ज्यांना ही पुस्तके मिळवून वाचायची असतील, त्यांनी पहिल्या कादंबरीपासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये. आधी 'टॉयशॉप' वाचावी, मग 'बरीड फॉर प्लेझर', मग 'लव्ह लाइज ब्लीडिंग'. या तीन कादंबऱ्यांनी फेनशी गट्टी जमली की 'फ्रीक्वेंट हर्सेस' आणि 'द लाँग डिव्होर्स' यांतला काळोख सोसण्याची तयारी होते. 'गिल्डेड फ्लाय' त्यानंतर घ्यावी, म्हणजे फ्रीमन आणि फेन यांची पहिली कथा एखाद्या जुन्या स्नेह्याच्या तरुणपणाची हकिकत ऐकावी तशी वाचता येईल. आणि लिअरची लिमरिके मात्र या सगळ्यांच्याही आधी वाचावीत. ती सहज मिळतात, फार वेळ घेत नाहीत, आणि मोल्डच्या गुरफटलेल्या गृहस्थाला कादंबरीत समोर पाहिल्यावर आपण फेनच्या बरोबरीने त्याला ओळखू शकतो.